निवृत्तीच्या आधीची दोन वर्षे आणि नंतरचे सहा महिने : पैशांची कामे कोणत्या क्रमाने करावीत

निवृत्तीची रक्कम हातात पडली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "पैसे कुठे ठेवू?" हा. या लेखात तो प्रश्न सातव्या टप्प्यावर येतो, आणि तसे जाणूनबुजून केले आहे. आधीचे सहा टप्पे वगळून जे थेट गुंतवणुकीकडे वळतात, त्यांचे पेन्शन अडकते, आरोग्य विमा सुटतो, आणि बँकेतून येणाऱ्या फोनवर घाईने घेतलेल्या पॉलिसीत पाच-सात लाख रुपये अडकून बसतात.

हे मार्गदर्शन खासगी क्षेत्रातून ५८व्या किंवा ६०व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आणि भविष्य निर्वाह निधीचे (पीएफचे) सभासद असलेल्या वाचकांसाठी आहे. सरकारी सेवेतील पेन्शनचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

पूर्वतयारी : एक फाइल

एक जाड फाइल घ्यावी आणि तिच्यात पुढील कागद एकत्र करावेत : आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, प्रत्येक नोकरीचे नेमणूकपत्र आणि कार्यमुक्तीपत्र, पीएफचे पासबुक, सर्व विमा पॉलिसी, कर्जांची विवरणपत्रे, आणि पती-पत्नी दोघांच्या प्रत्येक बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान. शोधाशोधीत बरेचदा विसरलेले एखादे खाते किंवा जुनी पॉलिसीही सापडते.

टप्पा १ : नोंदी जुळवणे (निवृत्तीच्या २४ महिने आधी)

आधार, पॅन, पीएफ आणि बँक या चारही ठिकाणी नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी असली पाहिजे. एकीकडे नुसते आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव, किंवा पत्नीच्या आधारवर माहेरचे आडनाव आणि पीएफच्या नोंदीत सासरचे, एवढा फरकही दावा परत यायला पुरेसा असतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणूनच हे काम दोन वर्षे आधी हाती घ्यायचे.

त्यानंतर पीएफच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएनने, म्हणजे पीएफ सभासदाच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, जाऊन सेवेचा तपशील उघडावा. पूर्वीच्या प्रत्येक नोकरीचे खाते सध्याच्या खात्यात वर्ग झाले आहे का आणि प्रत्येक नोकरीपुढे ती सोडल्याची तारीख आहे का, हे ओळीने पाहावे. माझ्या पहिल्या कंपनीने माझी बाहेर पडण्याची तारीख कधी नोंदवलीच नव्हती. हे माझ्या लक्षात आले तोपर्यंत त्या कंपनीला टाळे लागून नऊ वर्षे झाली होती, आणि केवळ जुन्या पगारपत्रकांची चळत जपून ठेवली होती म्हणून ती सहा वर्षांची सेवा धरली गेली.

आणखी एक गोष्ट तपासावी. तरुणपणी नोकरी बदलताना अनेकांनी फॉर्म १०-सी भरून पेन्शनच्या खात्यातील थोडीशी रक्कम काढून घेतलेली असते. तसे केले असल्यास तेवढी सेवा पेन्शनसाठी संपली. ती परत जोडता येत नाही; मात्र हिशेबात ती धरली जाणार नाही, हे आधीच कळलेले बरे.

*सावधान :* ५८ वर्षे पूर्ण झाल्यानंतरही नोकरी चालू राहणार असेल, तर पेन्शन योजनेतील वर्गणी थांबून मालकाचा संपूर्ण हिस्सा पीएफमध्ये जमा झाला पाहिजे. अनेक आस्थापनांत जुनीच कपात पुढे चालू राहते आणि दावा करताना त्यावर आक्षेप निघतो. ५८व्या वाढदिवसानंतरच्या महिन्याचे पासबुक पाहून हे लगेच लक्षात आणून द्यावे.

टप्पा २ : बारा महिन्यांची खर्चाची वही

"आमचा खर्च महिना तीसेक हजार" असे जे सांगितले जाते, ते बहुधा किराणा, दूध, वीज आणि सोसायटीचा मेंटेनन्स एवढ्याचेच असते. घरपट्टी, गाडीचा विमा, दिवाळी, गावची जत्रा, लग्नांतील अहेर, दातांचे काम, नातवंडांचे वाढदिवस या वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची बेरीज केली, तर महिन्यामागे सहा-सात हजार रुपये सहज निघतात. म्हणून वही एका महिन्याची उपयोगाची नाही, पूर्ण वर्षाची हवी.

वहीत तीन रकाने आखावेत : न टाळता येणारा खर्च, टाळता येणारा खर्च, आणि निवृत्तीनंतर थांबणारा किंवा नव्याने सुरू होणारा खर्च. कंपनीची बस, कँटीनचे जेवण आणि कंपनीने भरलेले मोबाइलचे बिल तिसऱ्या रकान्यात येतात, कारण उद्यापासून ते खिशातून जाणार असतात. दवाखान्याचा खर्च मात्र आजच्या आकड्याने न धरता दुपटीने धरावा.

*तपासणी :* वर्षाअखेर वहीतील एकूण खर्च आणि बँक खात्यांतून बाहेर गेलेली एकूण रक्कम यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर वही अपुरी आहे. शोधावे, फरक बहुधा एटीएममधून काढलेल्या रोख रकमेत सापडतो.

टप्पा ३ : पेन्शनचा खरा आकडा

सर्वाधिक अपेक्षाभंग याच टप्प्यावर होतो, म्हणून येथे थोडे थांबू. कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र सर्वांना पाठ असते : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये, आणि २० वर्षांहून अधिक सेवा असल्यास दोन वर्षांची वाढ. सप्टेंबर १९९६ मध्ये लागून ऑगस्ट २०२६ मध्ये निवृत्त होणारा माणूस लगेच १५,००० गुणिले ३२ भागिले ७० करतो आणि ६,८५७ रुपये धरून चालतो.

प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला त्या वेळची ६,५०० रुपयांची मर्यादा लागते आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची. म्हणजे पहिल्या १८ वर्षांचे १,६७१ रुपये आणि नंतरच्या १२ वर्षांचे २,५७१ रुपये. वाढीव दोन वर्षे धरूनही आकडा साडेचार हजारांच्या आसपासच थांबतो. ज्यांचा पूर्ण वेतनावरील वाढीव पेन्शनचा पर्याय मंजूर झाला आहे, त्यांचा हिशेब अर्थात वेगळा. बाकीच्यांनी साडेचार हजारच धरावेत.

सेवा किमान १० वर्षांची हवी. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर सुरू करता येते, पण ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ते ४ टक्क्यांनी घटते, आणि ही घट कायमची असते. उलट ५८ ऐवजी ६०व्या वर्षी सुरू केले तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. गरज नसताना केवळ "मिळतेय तर घेऊ" म्हणून लवकर पेन्शन घेणे हा मला तरी तोट्याचा व्यवहार वाटतो.

ग्रॅच्युइटीचा कच्चा हिशेब सोपा आहे : शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. वेतन ४०,००० आणि सेवा ३० वर्षे असेल तर ६,९२,३०८ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे अंतिम आकडा कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.

टप्पा ४ : आरोग्य विमा (निवृत्तीच्या १८ महिने आधी)

कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नवी पॉलिसी घ्यायला गेल्यास मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी लागू शकतो. दोन वाटा आहेत. नोकरीत असतानाच स्वतंत्र कौटुंबिक पॉलिसी घेऊन तो कालावधी गट विम्याच्या आडोशाने सरकू द्यावा, ही चांगली वाट. दुसरी वाट म्हणजे गट विमा देणाऱ्या कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागणे; त्यासाठी मुदत संपण्याच्या किमान दीड महिना आधी अर्ज द्यावा.

*सावधान :* प्रस्तावपत्रात आजार लपवू नयेत. एजंटाने "हे लिहू नका, प्रीमियम वाढेल" असे सांगितले तर एजंट बदलावा. दावा फेटाळला जातो तेव्हा तो आपल्या शेजारी उभा नसतो.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. घरात वृद्ध आईवडील असतील तर त्यांचे कार्ड आताच काढून घ्यावे आणि आपल्या भागातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत ते प्रत्यक्ष चौकशी करून लिहून ठेवावे.

टप्पा ५ : कर्ज आणि दिलेले शब्द

गृहकर्जाची थोडी बाकी असेल तर ती निवृत्तीच्या रकमेतून फेडून टाकावी. कर्जावर साडेआठ टक्के भरायचे आणि ठेवीवर साडेसहा मिळवायचे, यात काही शहाणपण नाही. मुलाच्या फ्लॅटसाठी, मुलीच्या लग्नासाठी, गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी आपण काय कबूल केले आहे ते पती-पत्नींनी बसून आकड्यात लिहावे. मोघम शब्दच पुढे महाग पडतात.

टप्पा ६ : रक्कम हाती येते तेव्हा

कामांचा क्रम असा ठेवावा.

१. कंपनीने पीएफच्या नोंदीत सेवा संपल्याची तारीख आणि कारण भरले आहे, याची खात्री करावी. याशिवाय पुढचे काही हलत नाही.
२. पीएफसाठी फॉर्म १९ आणि मासिक पेन्शनसाठी फॉर्म १०-डी भरावा. १० वर्षांहून अधिक सेवा असणाऱ्याने या वेळी चुकून १०-सी भरू नये.
३. ग्रॅच्युइटीचा अर्ज कंपनीकडे देऊन पोच घ्यावी. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी.
४. रजेच्या रोखीकरणाचे आणि ग्रॅच्युइटीचे पत्र, रक्कम मिळाल्याच्या तारखेसह, फाइलमध्ये लावावे.

चौथे काम क्षुल्लक वाटते, पण ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडायचे असेल, तर निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत उघडावे लागते आणि लाभाच्या रकमेइतकेच पैसे भरता येतात. त्यासाठी पोस्टात किंवा बँकेत हेच पत्र मागतात. मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबावे लागते.

पीएफची रक्कम लगेच काढलीच पाहिजे असे नाही. निवृत्तीनंतर तीन वर्षांपर्यंत तिच्यावर व्याज मिळत राहते, मात्र नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते.

*सावधान :* बचत खात्यात चाळीस लाख दिसू लागले की आठवड्याभरात "रिलेशनशिप मॅनेजर"चा फोन येतो. पहिले दोन महिने एकच उत्तर ठेवावे : "कागद घरी ठेवून जा, वाचून कळवतो." ज्या पॉलिसीत साठीच्या माणसाला पाच-दहा वर्षे हप्ते भरायचे आहेत, ती निवृत्तांसाठी नसते.

टप्पा ७ : रकमेची वाटणी

वरच्याच उदाहरणातील माणूस आणि त्याची पत्नी असे जोडपे धरून हिशेब पुढे नेऊ. पीएफ ३८ लाख, ग्रॅच्युइटी सुमारे ७ लाख, रजेचे २ लाख, त्यातून गृहकर्जाची बाकी ३ लाख वजा केली की उरले ४४ लाख. वहीप्रमाणे खर्च महिना ३४,००० आणि पेन्शन ४,५००. म्हणजे वर्षाला ३,५४,००० रुपये कमी पडतात.

४४ लाखांवर आठ टक्क्यांनी ३,५२,००० रुपये व्याज येते. गणित बसले असे वाटते, आणि नेमकी इथेच चूक होते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर हाच खर्च बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे महिना ६८,००० होतो. व्याज मात्र होते तिथेच राहते. शिवाय व्याजदरही आपले ऐकत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला आणि २०२५ च्या अखेरीस सव्वापाचवर आला. ठेव मोडून पुन्हा ठेवण्याची वेळ यांपैकी कोणत्या वर्षी येईल, ते आपल्या हाती नसते. म्हणून सर्व रक्कम एकाच मुदतीत आणि एकाच जागी ठेवू नये.

या जोडप्यासाठी मी सुचवीन ती मांडणी अशी :

२० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. कमाल मर्यादा ३० लाखांची आहे. ८.२ टक्के दराने तिमाहीला ४१,००० रुपये येतात आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही.

९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५० रुपये. एका नावावरील मर्यादाच ९ लाखांची आहे, संयुक्त खात्याची १५ लाखांची.

७.७५ लाख पाच तुकड्यांत. पहिल्या वर्षाचे १.२५ लाख बचत खात्यात, पुढचे १.४०, १.५५, १.७० आणि १.८५ लाख अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार वर्षांच्या मुदत ठेवींत. दरवर्षी यांतला एक तुकडा, म्हणजे एक पायरी, मोकळी होते. पायऱ्या चढत्या आहेत, कारण खर्चही चढता आहे.

२.२५ लाख अडीअडचणीसाठी, लगेच मोडता येईल अशा ठेवीत.

५ लाख एखाद्या निर्देशांक फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात), किमान सात वर्षे हात न लावण्याच्या बोलीवर, आणि तेही एकदम न भरता वर्ष-दीड वर्षात थोडे थोडे. जानेवारी २०२० मध्ये ४१ हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स मार्चमध्ये २६ हजारांखाली आला होता. अशा महिन्यात घरखर्चासाठी युनिट विकावी लागू नयेत, यासाठीच वरच्या पायऱ्या आहेत.

पोस्टाचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. वरचे दर हिशेबासाठी धरले आहेत, खाते उघडण्याच्या दिवशीचा दर पाहून आकडे पुन्हा मांडावेत.

या मांडणीत पहिली पाच वर्षे मुद्दलाचे २९ लाख शाबूत राहतात, पण त्यापुढे ओढाताण होणार हे मी लपवत नाही. खर्च तीन-चार हजारांनी कमी करणे, किंवा दोन वर्षे अर्धवेळ काम करून पायऱ्या तेवढ्या पुढे ढकलणे, यांचा परिणाम ठेवीचा दर अर्ध्या टक्क्याने वाढवण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

*तपासणी :* ज्येष्ठ नागरिक योजनेतील पैसे एक ते दोन वर्षांत काढल्यास दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. एका वर्षाच्या आत काढल्यास दिलेले व्याज परत वसूल होते. पुढच्या पाच वर्षांत लागणारा एकही मोठा खर्च या २० लाखांतून भागवायचा नाही ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

टप्पा ८ : ठेव ठेवण्यापूर्वी जागा तपासणे

आपल्याकडे गावची पतसंस्था, ओळखीचे संचालक आणि एक-दीड टक्का जादा व्याज या तीन गोष्टी एकत्र आल्या की हिशेब बाजूला पडतो. म्हणून स्पष्ट लिहितो : पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. ते संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, सहकारी बँकांसह, आणि तेही एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तरी विमा पाचच लाखांचा. व्याजासाठी जागा राहावी म्हणून मुद्दल सव्वाचार लाखांच्या आत ठेवणे बरे.

ही भीती पुस्तकी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे निवृत्तांनी कशी काढली असतील, त्याचा विचार ठेवपावती घेण्याआधी करावा.

*सावधान :* "बँक" हा शब्द पाटीवर आहे एवढ्यावर विसंबू नये. बँकेचे नाव ठेव विमा महामंडळाच्या यादीत आहे का, ते पाहावे.

टप्पा ९ : कर

५८व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस करकायद्याच्या दृष्टीने ज्येष्ठ नागरिक नसतो. साठीनंतर बँकेच्या व्याजावरील मूळस्रोत कर (टीडीएस) १ लाखाच्या पुढे कापला जातो, साठीच्या आधी ५०,००० च्या पुढे. करपात्र उत्पन्नच नसेल तर दरवर्षी एप्रिलमध्ये, ज्याला आपण पंधरा-जी किंवा पंधरा-एच म्हणत आलो ते घोषणापत्र, त्या वर्षीच्या नमुन्यात प्रत्येक बँकेत आणि पोस्टात द्यावे. कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, तो बुडालेला नसतो.

टप्पा १० : नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

लग्नाआधी पीएफमध्ये केलेले नामनिर्देशन लग्नानंतर बाद होते. अनेकांच्या खात्यावर आजही आईचे नाव असते. ते बदलून घ्यावे. बँक खात्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते ते सांभाळण्यासाठी, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते लाभार्थी नसावेत.

पतीच्या पश्चात पत्नीला पेन्शनची निम्मी रक्कम सुरू राहते. हे तिला माहीत हवे, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे तेही.

टप्पा ११ : दरवर्षी एप्रिलमधील एक दुपार

वही, फाइल आणि पासबुके घेऊन दोघांनी बसावे. गेल्या वर्षीचा खर्च अंदाजापेक्षा किती वाढला ते लिहावे. मोकळी झालेली पायरी खर्चाला लावावी आणि फंडात चांगली वाढ झाली असेल तर त्यातून पाचव्या वर्षाची नवी पायरी बांधावी; बाजार पडलेला असेल तर त्या वर्षी फंडाला हात लावू नये. ज्या ठेवींची मुदत वर्षभरात संपणार आहे त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात, कारण आपोआप नूतनीकरण झालेली ठेव बहुधा आपल्याला नको त्या मुदतीची असते. त्याच कॅलेंडरवर हयातीच्या दाखल्याची तारीखही लिहावी : पीएफच्या पेन्शनधारकांसाठी तो दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो, नोव्हेंबरच असला पाहिजे असे नाही, आणि चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून तो घरबसल्या देता येतो.